जमीन आपली, वापर कोणाचा?

मे महिन्यांतील एका सायंकाळीं बेलवलीच्या माझ्या घराच्या ओट्यावर माझा एक जुना विद्यार्थी येऊन बसला. जुना म्हणजे आतां पन्नाशी ओलांडलेला. हातांत सातबाऱ्याचा उतारा आणि एका नकाशाची चार घड्यांची प्रत. तो प्रत उलगडीत म्हणाला, "गुरुजी, उताऱ्यावर नांव माझें. सारा मी भरतों. बांध माझा, कुंपण माझें. पण नकाशांत माझ्या शेतावर हिरवा रंग दिला आहे आणि त्यावर 'क्रीडांगण' असें लिहिलें आहे. घर बांधूं म्हटलें तर परवानगी नाहीं. विकूं म्हटलें तर गिऱ्हाईक नाहीं. बरें, घेऊन टाका म्हटलें तर कोणी घेतहि नाहीं. मग गुरुजी, ही जमीन माझी कीं सरकारची?"

मी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. कायद्याच्या पुस्तकाशीं माझा संबंध बेताचाच. तथापि शिष्यानें विचारलेल्या प्रश्नास "ठाऊक नाहीं" असें उत्तर देऊन मोकळें होणें हें शिक्षकाला शोभत नाहीं. "पुढच्या आठवड्यांत ये," असें सांगून मी त्यास वाटेस लावलें आणि पुस्तकें चाळावयास बसलों. त्या आठवड्याचे पुढें कित्येक महिने झाले. त्या वाचनाचें सार आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

सरकारचा हात खाजगी जमिनीवर तीन प्रकारांनीं पडतो. तिन्हींचीं उदाहरणें आमच्या गांवाच्या आसपासच सांपडतात. पहिला प्रकार संपादनाचा. बारवी नदीवर औद्योगिक विकास महामंडळानें धरण बांधलें, पुढें त्याची उंची वाढविली, आणि पाण्याखालीं शेतेंच नव्हे तर वस्त्याहि गेल्या. येथें मालकी गेली आणि कबजाहि गेला. त्याची किंमत द्यावी लागते, हें सर्वांस मान्य आहे. वाद होतो तो रकमेचा. दुसरा प्रकार तात्पुरत्या ताब्याचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं नेवाळीच्या माळावर विमानांची धांवपट्टी झाली. त्या जमिनी युद्धापुरत्या घेतल्या होत्या, त्या परत मिळाव्यात, असें भोंवतालच्या गांवांतील शेतकऱ्यांचें म्हणणें आहे. २०१७ सालच्या २२ जून रोजीं त्याच वादावरून तेथें मोठा उद्रेक झाला. अशा ताब्यांत मालकी कागदावर राहते, पण कबजा जातो. तिसरा प्रकार माझ्या विद्यार्थ्याचा. त्याची मालकीहि गेली नाहीं, कबजाहि गेला नाहीं. गेला तो केवळ उपयोग! जमिनींतून उपयोग वजा केल्यावर मागें काय उरतें, आणि जें गेलें त्याची भरपाई कोणीं करावी, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आजकालचा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला. दाट वस्ती, अंधारे बोळ, कोंदट खोल्या यांना त्या रोगानें घेरलें. तेव्हां १८९८ सालीं सरकारनें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टची रीत सरळ होती: वस्ती विकत घ्यावी, पाडावी, रस्ता काढावा. १८९४ चा भूसंपादनाचा कायदा हाताशीं होताच. परंतु सारें शहर विकत घेऊन सुधारणें ही गोष्ट कोणत्याहि तिजोरीस झेपणारी नव्हती. म्हणून पुढें विचार बदलला. जमीन घेऊं नये, मालकाकडेच राहूं द्यावी, आणि तिच्यावर काय बांधावें, किती उंच बांधावें, रस्त्यापासून किती अंतरावर बांधावें एवढेंच ठरवून द्यावें, हा तो नवा विचार.

इंग्लंडांत १९०९ सालीं नगररचनेचा कायदा झाला तेव्हां पार्लमेंटपुढें हाच पेंच उभा राहिला. त्या कायद्यानें असें ठरविलें कीं, योजनेमुळें ज्याच्या मालमत्तेस बाध येईल त्यास भरपाई मिळावी. परंतु इमारतींची संख्या, उंची व स्वरूप यांवर जीं वाजवी बंधनें वस्तीच्या सुखसोयीसाठीं घातलीं जातील, त्यांबद्दल ती मिळूं नये. आपल्या मुंबई इलाख्यानें १९१५ सालीं नगररचनेचा कायदा केला. हिंदुस्थानांतील अशा प्रकारचा हा पहिला कायदा. त्यांतील कल्पना फार समंजस होती. एका भागांतील सर्व मालकांचे वेडेवांकडे तुकडे एकत्र करावेत, त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढाव्यात, आणि उरलेल्या जमिनीचे नीट आंखलेले भूखंड ज्याचे त्याला परत द्यावेत. प्रत्येकाची जमीन थोडी कमी होई, परंतु दारांत रस्ता आल्यामुळें मोल वाढे. ज्याचें नुकसान होई त्यास भरपाई, ज्याचा लाभ होई त्याजकडून वर्गणी. थोडक्यांत, ओझें आणि लाभ एकाच खांद्यावर, हें त्या योजनेचें मर्म. श्रोत्यांनीं तें लक्षांत ठेवावें, कारण पुढें आपणांस त्याच्याकडे परत यावयाचें आहे.

याच काळांतील आणखी एक कायदा मला सांपडला आणि मी चकित झालों. तो १९०३ सालचा, संरक्षणाच्या कामांविषयींचा. किल्ला, दारूगोळ्याचें कोठार अशा लष्करी कामाच्या भोंवतालीं ठराविक अंतरांत कोणीं घरें बांधूं नयेत, झाडें वाढवूं नयेत, असा हुकूम काढण्याचा अधिकार त्या कायद्यानें सरकारास दिला. जमीन घ्यावयाची नाहीं, फक्त वापर रोखावयाचा. तथापि त्याच कायद्यांत असेंहि लिहिलें आहे कीं, या बंधनानें मालकाचें जें नुकसान होईल त्याची कलेक्टरानें चौकशी करून भरपाईचा निवाडा द्यावा. म्हणजे परक्या सरकारनेंहि १९०३ सालीं एवढें कबूल केलें होतें कीं, जमिनीला हात न लावतांहि जमीनमालकाचें कांहीं घेतलें जाऊं शकतें, आणि जें घेतलें त्याचें मोल द्यावें लागतें.

देश स्वतंत्र झाला, २६ जानेवारी १९५० रोजीं घटना अंमलांत आली. मालमत्ता धारण करण्याचा हक्क हा मूलभूत हक्क झाला, आणि ती सार्वजनिक कामासाठीं घेतल्यास मोबदला द्यावा असें एकतिसाव्या कलमानें सांगितलें. आतां 'घेणें' म्हणजे काय, हा वाद कोर्टांत जाणें अटळ होतें. तो नेला आपल्याच सोलापूरनें. सोलापूर स्पिनिंग ॲंड वीव्हिंग कंपनीची गिरणी १९४९ सालच्या ऑगस्टमध्यें बंद पडली. हजारों कामगारांच्या चुली विझल्या. १९५० च्या जानेवारींत सरकारनें वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपण नेमलेल्या संचालकांकडे सोंपविला. भागधारकांचे भाग त्यांच्याच नांवावर राहिले. मात्र संचालक निवडण्याचा व ठराव करण्याचा त्यांचा अधिकार निकामी झाला. एका भागधारकाचा अर्ज सुप्रीम कोर्टानें १९५० च्या डिसेंबरांत फेटाळला. पुढें नव्या संचालकांनीं भागांवरील उरलेली रक्कम मागितली, तेव्हां द्वारकादास श्रीनिवास नांवाचे भागधारक कोर्टांत गेले. मुंबई हायकोर्टांत ते हरले. परंतु १९५३ च्या डिसेंबरांत सुप्रीम कोर्टानें त्यांच्या बाजूनें कौल दिला. न्यायाचा रोख असा होता कीं, कायद्यानें कोणता शब्द वापरला हें पाहूं नये, परिणाम पहावा. मालकाच्या हातीं नांवाचें टरफल राहिलें आणि गर काढून नेला, तर तें घेणेंच होय. त्याचा मोबदला दिला पाहिजे.

माझा विद्यार्थी १९५४ सालीं आला असता, तर त्याच्या हातीं हा निकाल देऊन मी निश्चिंत झालों असतों. परंतु पार्लमेंटास हा अर्थ परवडण्यासारखा नव्हता. कुळकायदे, जमीनदारीचें निर्मूलन, गिरण्यांवरील नियंत्रण, झोंपडपट्ट्यांची सुधारणा, नगररचना या प्रत्येक ठिकाणीं बंधनाचें मोल मोजावें लागलें असतें. म्हणून १९५५ सालीं घटनेची चौथी दुरुस्ती झाली. तिनें सांगितलें कीं, मालकी किंवा कबजाचा हक्क जोंपर्यंत सरकारकडे अथवा सरकारी महामंडळाकडे जात नाहीं, तोंपर्यंत मालकाचें कितीहि नुकसान होवो, त्यास सक्तीचें संपादन म्हणावयाचें नाहीं. अशा रीतीनें संपादन आणि बंधन यांच्या मध्यें एक भिंत उभी राहिली. मोबदला भिंतीच्या एका बाजूस राहिला. माझा विद्यार्थी दुसऱ्या बाजूस!

अमेरिकेंत ही भिंत बांधली गेली नाहीं. पेनसिल्व्हानिया राज्यानें १९२१ सालीं घरांखालचा कोळसा खणण्यास बंदी घातली, कारण वरचीं घरें खचत होतीं. कोळसा कंपनीनें जमीन विकतांना खालचा कोळसा स्वतःकडे राखून ठेवला होता. १९२२ सालीं न्यायमूर्ति होम्स यांनीं निकाल दिला कीं, मालमत्तेवर कांहीं मर्यादेपर्यंत बंधन घालतां येईल, पण तें फारच पुढें गेलें तर त्यास घेणेंच म्हणावें लागेल. त्याच होम्सनीं हेंहि मान्य केलें कीं, प्रत्येक कायद्यानें होणाऱ्या घसाऱ्याचे पैसे द्यावयाचे ठरले तर राज्यकारभार चालणार नाहीं. 'फारच पुढें' म्हणजे किती, हें मात्र त्यांनीं सांगितलें नाहीं. ओहायोमधील युक्लिड या गांवीं कारखान्यास योग्य अशी जमीन घरांसाठीं राखली गेली. एकरीं दहा हजार डॉलरांची जमीन अडीच हजारांवर आली, अशी मालकाची तक्रार होती. तरीहि १९२६ सालीं कोर्टानें बंधन उचलून धरलें. केवळ किंमत उतरली म्हणजे जमीन घेतली असें होत नाहीं. उलट साउथ कॅरोलायनांतील समुद्रकांठच्या दोन भूखंडांवर घर बांधण्यास संपूर्ण मनाई झाली, तेव्हां १९९२ सालीं कोर्टानें म्हटलें कीं, उपयोगाचा शेवटचा अंशहि काढून घेतला असेल तर साधारणपणें मोबदला द्यावाच लागेल.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. १९६६ सालीं प्रादेशिक व नगररचनेचा कायदा झाला. आज शहराच्या आराखड्यांत शाळा, रुग्णालय, बाग, क्रीडांगण यांच्यासाठीं जीं आरक्षणें पडतात, तीं याच कायद्याखालीं. आरक्षण पडलें म्हणजे त्या कामाखेरीज दुसरें बांधकाम करतां येत नाहीं. परंतु कायदा करणारांना माझ्या विद्यार्थ्याची आठवण अगदींच नव्हती असें नाहीं. दोन दारें त्यांनीं उघडीं ठेवलीं. एकोणपन्नासाव्या कलमान्वयें, आरक्षणामुळें ज्याच्या जमिनीचा वाजवी लाभदायक उपयोगच होऊं शकत नाहीं, किंवा ती वाजवी किंमतीस विकलीच जात नाहीं, अशा मालकास "माझी जमीन विकत घ्या" अशी नोटीस सरकारास देतां येते. एकशें सत्ताविसावें कलम त्याहून प्रसिद्ध आहे. आराखडा अंमलांत येऊन दहा वर्षें लोटलीं आणि जमीन घेतली गेली नाहीं, तर मालकानें नोटीस द्यावी. त्यानंतरच्या मुदतींत संपादनाचीं पावलें पडलीं नाहींत तर आरक्षण संपुष्टांत येतें आणि जमीन मोकळी होते. ही मुदत मूळ सहा महिन्यांची; ती पुढें बारा महिने झाली आणि २०१५ सालच्या दुरुस्तीनें चोवीस महिने झाली.

'पावलें' या साध्या शब्दावर केवढा झगडा झाला! कोणी म्हणे, वरिष्ठांकडे एक पत्र पाठविलें कीं पाऊल पडलें. २००७ सालीं गिरनार ट्रेडर्सच्या दाव्यांत सुप्रीम कोर्टानें बहुमतानें सांगितलें कीं, कागद हलविणें म्हणजे पाऊल नव्हे. संपादनास खरोखर आरंभ झाला पाहिजे. त्याआधीं २००५ सालीं पुण्यांतील एका भूखंडाच्या बागेबद्दल त्याच कोर्टानें म्हटलें होतें कीं, खाजगी जमीन आराखड्यांत बागेसाठीं दाखवितां येते, परंतु ती संपादन केल्यावांचून मालकास तिच्या उपयोगापासून कायमचें दूर ठेवतां येत नाहीं.

दरम्यान घटनेंतील भिंतहि हलली होती. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें मालमत्तेचा मूलभूत हक्क गेला आणि त्याबरोबर एकतिसावें कलमहि गेलें. तीनशें-अ हें नवें कलम आलें: कायद्याच्या आधाराखेरीज कोणासहि त्याच्या मालमत्तेपासून वंचित करूं नये. त्यांत मोबदल्याचा शब्द नाहीं. तथापि २०११ सालीं घटनापीठानें असें सांगितलें कीं, सार्वजनिक हेतु ही त्या कलमाची पहिली अट आहे, आणि मोबदल्याचा हक्क त्यांत लिहिलेला नसला तरी त्यांतून निघतो.

एवढा इतिहास पाहिल्यावर निवाडा कसा करावा? मीं माझ्यापुरत्या कसोट्या ठरविल्या आणि त्या आमच्या परिसरावर लावून पाहिल्या.

बेलवलीजवळून उल्हास नदी वाहते. २६ जुलै २००५ चा पूर येथें ज्यानें पाहिला तो विसरणार नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर उतारू घेऊन पाण्यांत अडकली. नदीच्या कांठीं पाटबंधाऱ्याचे लोक दोन रेषा आंखतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची तांबडी. निळ्या रेषेच्या आंत बांधकामास मनाई. दोहोंच्या मध्यें नियंत्रण. येथें मालकास भरपाई मिळावी काय? मला तसें वाटत नाहीं. येथें घर बांधूं नको असें सरकारच्या आधीं नदीनेंच सांगितलेलें आहे. शिवाय कोणीं भराव टाकला तर तेंच पाणी शेजाऱ्याच्या घरांत शिरतें. दुसऱ्यास अपाय करण्याचा हक्क कोणाच्याहि सातबाऱ्यावर लिहिलेला नसतो. रेषा मात्र खरी आंखलेली असावी. ती चुकीच्या जागीं पडली तर तो अन्याय होईल. तसेंच जेथें आधीं परवानगी देऊन मागाहून रेषा ओढली, तेथें घर घेणाऱ्याचा हिशेब वेगळा करावा लागेल.

दुसरें उदाहरण अंबरनाथचें. शके ९८२, म्हणजे १०६० सालचा शिलाहारकालीन लेख ज्यावर आहे, तें शिवमंदिर आपल्या देशाचें भूषण आहे. संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी आणि त्यापुढें २०० मीटर नियंत्रण, हा १९९२ सालचा हुकूम २०१० सालीं कायद्यांतच घातला गेला. येथें शेजारचा घरमालक कोणास अपाय करीत नव्हता. मंदिर साऱ्या राष्ट्राचें, आणि जुनें घर वाढवितां न येण्याचें ओझें मात्र शंभर मीटरांतील मोजक्या कुटुंबांचें. मंदिर मुळांत होतेंच, घरें मागाहून आलीं, हें खरें. म्हणून मी या उदाहरणास सीमेवरचें म्हणतों. जेथें थोडें बांधतां येतें तेथें मालकानें सोसावें. जेथें कांहींच करतां येत नाहीं तेथें राष्ट्रानें कांहीं द्यावें.

तिसरें उदाहरण माझ्या विद्यार्थ्याच्या शेताचें. त्याच्या जमिनीनें कोणास अपाय होत नाहीं. शेजारच्या साऱ्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. शहरास क्रीडांगण हवें म्हणून याच्या एकट्याच्या शेतावर हिरवा रंग पडला. क्रीडांगणाचा लाभ शेजारच्या इमारतींना, ओझें याला. १९१५ च्या योजनेंत ओझें आणि लाभ एकाच खांद्यावर होते. येथें ते दोन वेगळ्या खांद्यांवर पडले. उपयोग म्हणाल तर भातापुरता उरला. आणि काळ? दहा वर्षें उलटून गेलीं. मला वाटतें, कोणत्याहि कसोटीनें पाहिलें तरी हें बंधन राहिलें नाहीं. हें घेणेंच झालें. कायद्यानें त्यास जमीन परत मागण्याची वाट दिली आहे, आणि संपादन करावयाचें ठरल्यास पैशाच्या ऐवजीं इतरत्र बांधकामाचा हक्क देण्याचीहि सोय केली आहे. परंतु मधल्या वर्षांचें काय? अमेरिकेच्या कोर्टानें १९८७ सालीं म्हटलें कीं, घेणें तात्पुरतें असलें तरी त्या काळाचा मोबदला द्यावा. आपल्या आरक्षणाच्या कायद्यांत त्या दहा वर्षांच्या भाड्याची तरतूद नाहीं. तेवढ्या काळांत मुलगी उजवावी लागते, आजार निघतात, भाऊ वांटणी मागतात. नकाशांतील रंगाला हें कोठून कळणार?

मीं हें सारें त्याला सांगितलें. त्यानें वकिलाकडून नोटीस पाठविली. परंतु श्रोते हो, एक गोष्ट सांगितल्याखेरीज माझें भाषण प्रामाणिक होणार नाहीं. भाताची कापणी झाली कीं त्याच शेतांत आमच्या आळींतील पोरें क्रिकेट खेळतात. दुसरी मोकळी जागा जवळपास नाहीं. ज्यानें तीस वर्षें मुलांना शाळेंत शिकविलें त्या माणसानें स्वतःच्या सल्ल्यानें मुलांचें मैदान घालवावें, हें मला बोंचत राहिलें. मीं तसें त्याला बोलून दाखविलें. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, मैदान होऊं द्या कीं. मी कोठें नाहीं म्हणतों? पण पोरें सगळ्या गांवाचीं आहेत. मग मैदानाचें मोल एकट्या माझ्या घरानें कां भरावें?"

मला वाटतें, एवढ्या कायदेपंडितांनीं जें शोधलें तें त्याच्या त्या वाक्यांत आलें आहे. भरपाई ही क्रीडांगणाची वैरीण नव्हे. तीच त्याची खरी किंमत आहे. शहरास जें हवें त्याचें मोल शहरानें वांटून घेतलें तर मैदानहि राहील आणि मालकहि सुखी राहील. तें मोल चुकविण्यासाठीं नुसता रंग देऊन वर्षानुवर्षें वाट पाहात बसलें, तर शेवटीं मुदत भरते, जमीन सुटते, तेथें इमारत उभी राहते, आणि मुलांच्या हातीं मैदान येत नाहीं तें नाहींच.

नोटिशीची मुदत अजून संपलेली नाहीं. शेतांत यंदाहि भात लागला आहे. कापणी झाली कीं पोरें बॅट घेऊन येतील, आणि त्यांना हांकलून द्यावें असें अद्यापि त्या मालकाच्या मनांत आलेलें नाहीं. त्याचें हें सौजन्य शहरानें फार काळ गृहीत धरूं नये, एवढीच माझी विनंती आहे.